सहकारी वीज संस्थेने इलेक्ट्रिक गाड्यांवर सगळ्यांचे पैसे का खर्च करावेत?

धान्यकोठार

नमस्कार मंडळी. मिनेसोटात, मिनिआपोलिसपासून दोनेक तासांवर, मका आणि सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध आमचं घर आहे. इथे वीज कंपनीची नाही, सहकारी संस्थेची. मीटर घेतला की तुम्ही सभासद, आणि सभासदाला मत एकच, मग घरात दोन माणसं असोत की दारात हजार गाईंचा गोठा.

नुकतीच वार्षिक सभा झाली. हायस्कूलच्या जिममध्ये, घडीच्या खुर्च्या टाकून. जेवायला हॅम सँडविच आणि बटाट्याचं सॅलड (आमच्या वाट्याला सॅलड आणि कुकी). दारातच प्रत्येक घराला एक बादली, तिच्यात दोन एलईडी बल्ब. अहवाल, हिशेब, संचालकांची निवडणूक असं सगळं शांतपणे चाललं होतं. मग मॅनेजरने इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय काढला. घरी चार्जर बसवणाऱ्याला काहीशे डॉलरची सूट, रात्री ११ ते सकाळी ७ दिवसाच्या जवळपास निम्मा दर, गावातल्या वाचनालयाशेजारी दोन चार्जर, आणि हायवेच्या फाट्यावर फास्ट चार्जर टाकायचा विचार.

मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. म्हणाले, "माझा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. माझ्या डिझेलला ही संस्था सूट देणार का?" जिममध्ये टाळ्या. मॅनेजरने पुढची स्लाइड दाखवली.

आमच्याकडे जुनी शेव्हरले बोल्ट आहे, इलेक्ट्रिकच, म्हणजे फायदा आमचाच. तरी त्या आजोबांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ते बरोबर होते का? वीज क्षेत्रातल्या जाणकारांनी लिहावं. बाकीच्यांनी अनुभव लिहावेत, भांडावंही.

खिडकीतलं_मांजर

पयला नंबर! बादली कुठल्या रंगाची?

धान्यकोठार

निळी. वर मोठ्या अक्षरात वीज गेल्यावर कुठे फोन करायचा तो नंबर.

निरगुडी

आजोबा शंभर टक्के बरोबर. नवी इलेक्ट्रिक गाडी कोण घेतं? ज्याला परवडते तो. त्याला आधी सरकारकडून साडेसात हजार डॉलरची करसवलत मिळत होती (ती ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, बरं झालं), आता वीज संस्था चार्जरला पैसे देणार. आणि ते येणार कुठून? ट्रेलरमध्ये (स्वस्तातल्या फिरत्या घरात) राहून बेसबोर्ड हीटरवर, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या विजेच्या हीटरवर, थंडी काढणाऱ्या बाईच्या बिलातून. सहकार सहकार म्हणायचं आणि गरिबाने श्रीमंताला द्यायचं. हे आपण महाराष्ट्रात पुष्कळ पाहिलंय.

उच्चदाब

धागालेखिका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घाऊक बिलात आहे. जरा विस्ताराने लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

तुमची संस्था वीज बनवत नाही, ती घाऊक विकत घेते. मिनेसोटातल्या बऱ्याच संस्था ती ग्रेट रिव्हर एनर्जीकडून घेतात. तीही सहकारीच, संस्थांची संस्था. घाऊक बिलाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात: महिन्यात युनिट किती घेतली, आणि सगळ्यात गर्दीच्या तासाला किती किलोवॅट ओढले. दुसरा भाग जीवघेणा.

उन्हाळ्यातली संध्याकाळ घ्या. एसी चालू, स्वयंपाक चालू, गोठ्यातले पंखे चालू. त्याच वेळी माणूस कामावरून येतो आणि गाडीला वायर लावतो. घरचा चार्जर साडेसात किलोवॅटचा धरा. शंभर घरांनी असं केलं तर ७५० किलोवॅट वाढले, तेही नेमके गर्दीच्या तासाला. किलोवॅटमागे आकार समजा १५ डॉलर आहे. महिन्याला ११,२५० डॉलरचा बोजा, आणि तो आजोबांसकट सगळ्यांवर.

तीच शंभर घरं रात्री अकरानंतर चार्ज करू लागली तर हा जादा आकार शून्य. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर आधीच उभे आहेत, रात्री निम्मे रिकामे असतात. त्यांचा खर्च जास्त युनिटांवर वाटला जातो. शहरातल्या खासगी कंपन्यांना एका मैल तारेमागे तीसहून जास्त ग्राहक मिळतात, अमेरिकेतल्या सहकारी संस्थांना सरासरी आठेक. एवढ्या कमी लोकांत एवढी तार पोसायची तर प्रत्येक जादा युनिट मोलाचं. म्हणून रात्रीचा स्वस्त दर हा दानधर्म नव्हे. संस्था तुमच्याकडून एक सवय विकत घेते आहे.

मात्र हायवेवरच्या फास्ट चार्जरबाबत मी आजोबांच्या बाजूचा. १५० किलोवॅटचा एक चार्जर, पाठोपाठ गाड्या लागल्या आणि गर्दीचा अख्खा तास तो पूर्ण भाराने चालला. प्रवाशांकडून मिळाले साठसत्तर डॉलर. घाऊक बिलात वाढले १५० गुणिले १५, म्हणजे २,२५०. हा खड्डा कोण भरणार ते आधी लिहून घ्या, मग चार्जर टाका.

खिडकीतलं_मांजर

कंटाळा आला नाही, पण दोनदा वाचलं.

कमिंगवाले_काका

आम्ही जॉर्जियात, कमिंगला. इथे निम्मी कॉलनी आपली, गणपतीला पार्किंग मिळत नाही. आणि आम्हा सगळ्यांचं बिल येतं सॉनी ईएमसीचं. ईएमसी म्हणजे इलेक्ट्रिक मेंबरशिप कॉर्पोरेशन, ती सहकारी आहे हे आमच्यातल्या नव्वद टक्के लोकांना माहीतच नाही. मला कळलं ते कॅपिटल क्रेडिटमुळे. संस्थेचा नफा उरला की तो सभासदांच्या नावावर बिलाच्या प्रमाणात जमा होतो आणि बऱ्याच वर्षांनी सवडीने परत मिळतो. तेव्हा निरगुडी, पैसे हवेत जात नाहीत.

शेजारच्या कॉब ईएमसीचा नाइटफ्लेक्स म्हणून प्लॅन आहे, इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना मध्यरात्रीनंतर महिन्याला पहिली ४०० युनिट फुकट. फुकट! आमचा मित्र मारिएटामध्ये राहतो, तो डिशवॉशर, वॉशिंग मशीन सगळं रात्री बारानंतर लावतो. बायको म्हणते, घरात हॉस्टेलसारखा आवाज येतो.

निरगुडी

काका, कॅपिटल क्रेडिट वीस वर्षांनी मिळणार असेल तर ट्रेलरवाल्या बाईने ते व्याजाविना दिलेलं कर्जच झालं की. आणि कमिंग, मारिएटा आता ग्रामीण राहिलंय का? तिथे मैलामागे आठ ग्राहक नाहीत, आठ एसयूव्ही एका गल्लीत आहेत. धान्यकोठारताईंचं गाव वेगळं.

उच्चदाब यांचं गणित पटलं, पण त्यात एक "जर" आहे. लोकांनी खरंच रात्री चार्ज केलं तर. न केलं तर?

उच्चदाब

रास्त शंका. म्हणूनच नुसत्या विनंतीवर सोडत नाहीत. चार्जरला वेगळा मीटर किंवा संस्थेच्या ताब्यातला स्विच लावतात. सातला गाडी लावलीत तरी वीज अकरालाच सुरू होते.

बाभूळबन

म्हणजे माझ्या गाडीचं बटण संस्थेच्या हातात? उद्या मध्यरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर? आज गाडी, उद्या फ्रीज. सावध राहा, लोकहो.

धान्यकोठार

बाभूळबन, बॅटरी रिकामी करत नाहीत हो, भरायची वेळ फक्त पुढे ढकलतात. घाई असेल तर साध्या प्लगला लावता येतं, त्या युनिटांना दिवसाचा दर पडतो इतकंच.

जुनी_पानं

इतिहासात थोडं मागे जाऊ, कारण त्या आजोबांच्या वडिलांनी बहुधा हीच संस्था उभी केली असेल.

१९३०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या शहरांत दिवे झगमगत होते आणि दहापैकी नऊ शेतघरं अंधारात होती. खासगी कंपन्या म्हणायच्या, एवढ्या लांब तार ओढून परवडत नाही. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केलं, १९३६ मध्ये त्याचा कायदा झाला. सरकारने स्वस्त कर्ज दिलं, कंपन्यांनी फारसा रस दाखवला नाही, मग शेतकऱ्यांनीच पाचपाच डॉलर वर्गणी काढून संस्था काढल्या. आज तिथे नऊशेच्या आसपास संस्था आहेत आणि देशाच्या निम्म्याहून जास्त भूभागावर त्यांच्या तारा आहेत.

तेव्हाही गावात प्रश्न होताच, कंदील चांगला चाललाय, कर्ज कशाला? संस्था दारोदार जाऊन इस्त्री, फ्रीज, पाण्याचा पंप कसा वापरायचा ते दाखवत, कारण वीज विकली गेली नाही तर कर्ज फिटणार नव्हतं. गाडीचा चार्जर हे त्याच धंद्याचं पुढचं पान.

हरेगावकर

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या भागात अशी संस्था होती, हे किती जणांना माहीत आहे? मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था, श्रीरामपूर. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर, नेवासा या पट्ट्यात तीच वीज वाटायची. ग्रामीण महाराष्ट्रात बाकी सगळीकडे एमएसईबी, आमच्याकडे संस्था. आजोबा लाइट गेली की "बोर्डाचा माणूस" म्हणायचे नाहीत, "संस्थेचा वायरमन" म्हणायचे. तो सायकलवर यायचा, दांडीला शिडी आडवी बांधलेली.

२०११ साली परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. कारणांवर इथे दोनशे प्रतिसाद होतील, म्हणून थोडक्यात: शेतीपंपांना मीटर नव्हते, आकारणी एचपीवर, वसुली रडतखडत, आणि मंडळाकडून घाऊक वीज कुठल्या भावाने घ्यायची यावर वर्षानुवर्षं वाद आणि थकबाकी. उच्चदाब म्हणतात तेच, घाऊक बिल भरता आलं नाही की संस्था कितीही आपली असो, टिकत नाही. गाडीचं युनिट निदान मीटरमधून जातं.

हिरण्यकेशी

हरेगावकर, आमच्याकडे अजून आहे की! मी संकेश्वरचा. हुक्केरी तालुक्याला वीज देते ती हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संस्था. शेजारच्या तालुक्यांत हेस्कॉम (कर्नाटकची सरकारी वीज कंपनी), आमच्यात संस्था. निवडणूक लागली की साखर कारखान्याची झक मारते. पॅनल, जाहीरनामे, बेळगाव जिल्ह्यातले सगळे पुढारी मुक्कामाला.

आणि गंमत म्हणजे आमची संस्था, तुमची मुळा-प्रवरा, गुजरातमधलं कोडिनार, तेलंगणातलं सिरसिल्ला आणि लखनौ या पाच एकाच पिढीतल्या बहिणी. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन सहकारी वीज संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेची माणसं इथे सल्ला द्यायला आली होती. म्हणजे धान्यकोठारताईंची संस्था आमची चुलत मावशी लागते. सिरसिल्लाही चालू आहे, यंत्रमागांचं गाव ते.

हरेगावकर

मग चुलत मावशीला सांगा, एक बादली इकडे पण पाठव म्हणावं.

मळणी_यंत्र

अवांतर: १ जून २०२२ ला एसटीची पहिली इलेक्ट्रिक शिवाई पुणे-नगर धावली. १९४८ ला पहिली एसटी धावली तीही त्याच मार्गावर, त्याच तारखेला. नगर जिल्ह्यात काय काय पहिलं होतं आणि आम्ही मात्र रात्रपाळीच्या लाइटीला दारं धरायला जातो.

मूळ विषयावर: गावात इलेक्ट्रिक स्कूटर खूप वाढल्यात. आमच्या डीपीवर संध्याकाळी सातला स्कूटर, टीव्ही, पिठाची गिरणी सगळं एकदम. डीपी जळाली की आठवडा गेला. तेव्हा रात्री चार्ज करा हे सांगायला अमेरिकाच कशाला, आमचा वायरमन पण तेच सांगतो. फक्त तो निम्मा दर देत नाही.

संपादक_नाही_मी

नगरकर मंडळींनी धागा श्रीरामपूर स्टँडवर आणून उभा केलाय. चालू द्या. :)

पाइनवन

नॉर्थ कॅरोलायनातून. निरगुडी यांच्या मुद्द्यासाठी एक उदाहरण. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात रोआनोक इलेक्ट्रिक म्हणून संस्था आहे. भाग गरीब, सभासदांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने, घरं जुनी आणि गळकी. या संस्थेने आधी काय केलं? लोकांच्या घरांना इन्सुलेशन, हीट पंप स्वतःच्या पैशाने बसवून दिले आणि वसुली वाचलेल्या बिलातून हप्त्याहप्त्याने. त्यानंतर ती इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळली. फर्माटा एनर्जी या कंपनीबरोबर तिने निसान लीफ गाड्यांवर प्रयोग केला: गर्दीच्या तासाला उभ्या गाडीच्या बॅटरीतून इमारतीला वीज परत. म्हणजे उच्चदाब ज्या तासाला घाबरतात, त्याच तासाला गाडी संस्थेची मदत करते.

माझ्या मते क्रम महत्त्वाचा. आधी ट्रेलरवाल्या बाईचं बिल कमी करा, मग चार्जरवरच्या सवलतीचं बोला. मग सभेत टाळ्या दुसऱ्या बाजूला पडतील.

निरगुडी

पाइनवन, हे आवडलं. असं असेल तर माझा विरोध बराच मावळतो. बराच म्हटलंय, सगळा नाही.

कमिंगवाले_काका

गरिबांसाठी अजून एक योजना. ऑपरेशन राउंड अप. बिल ८३ डॉलर ४० सेंट आलं तर ८४ कापून घेतात, वरचे सेंट स्थानिक मदतनिधीला. साउथ कॅरोलायनातल्या पामेटो इलेक्ट्रिकने १९८९ ला सुरू केलं, आता शेकडो संस्था करतात. वर्षाला सहाएक डॉलर जातात, कळतही नाही. अग्निशमन दलाचे होज, शाळेची पुस्तकं, कुणाच्या दाराला व्हीलचेअरचा उतार, असल्या गोष्टींना.

बाभूळबन

कळतही नाही, हेच तर म्हणतोय मी.

गोठणबिंदू

नॉर्थ डकोटावरून थंडीचा अनुभव. उणे पंचवीसला गाडीची रेंज तिसऱ्या हिश्शाने सहज घटते, कधी जास्तच. गाडी वायरला लावलेली असतानाच निघायच्या आधी अर्धा तास हीटर चालू करा, म्हणजे गरम करायची वीज बॅटरीतून न जाता भिंतीतून जाते. ते सकाळी सातच्या आत करा, स्वस्त दरात बसतं.

आणि इथे "वीज कोळशाची, मग गाडी हिरवी कशी" हा प्रश्न कोणी विचारायच्या आत सांगतो. ग्रेट रिव्हरने आमच्याकडचा कोल क्रीक हा मोठा कोळसा प्रकल्प २०२२ मध्ये विकला. विकला म्हणजे बंद केला नाही, काही वर्षं वीज तिथूनच घ्यायचा करारही झाला. पण त्यांची रिव्होल्ट म्हणून योजना आहे, सभासद संस्थांच्या ग्राहकाने गाडी नोंदवली की तिच्या चार्जिंगइतकी पवनवीज तिच्या नावे धरतात, वेगळा पैसा नाही. कागदावरचा हिशेब आहे हे खरं. पण वारा आमच्याकडे रात्रीच जास्त सुटतो, त्यामुळे अगदीच खोटाही नाही.

खिडकीतलं_मांजर

उणे पंचवीसला तुम्ही बाहेर का पडता, हा खरा प्रश्न.

धान्यकोठार

सगळ्यांचे आभार. काल संस्थेच्या कार्यालयात जाऊन आले. सगळे प्रतिसाद डोक्यात होते, म्हणून सभासद सेवा बघणाऱ्या बाईंना सरळ विचारलं, रात्रीच्या स्वस्त दरावर आधीपासून कोण कोण आहे?

त्यांनी दाराजवळच्या मोठ्या वॉटर हीटरच्या नमुन्याकडे बोट दाखवलं. जाड इन्सुलेशन, पोटाला एक करडी डबी, म्हणजे संस्थेच्या ताब्यातला स्विच, तिच्यावर बारीक लाल दिवा. रात्री ११ ते ७ पाणी तापवून ठेवायचं, दिवसभर वापरायचं. ही योजना कित्येक वर्षांपासून आहे. शेतातल्या सिंचनालाही वेगळा दर आहे: उन्हाळ्यात गर्दीच्या तासाला पंप बंद करायचा हक्क संस्थेला द्या, वर्षभर स्वस्त वीज घ्या. आमच्या भागातले बहुतेक मोठे शेतकरी त्यावर आहेत. आजोबांचं नाव त्या सांगणार नाहीतच, मी विचारलंही नाही. पण त्यांच्या शेतात मध्यबिंदूभोवती फिरणारा लांबलचक सिंचनाचा सांगाडा आहे आणि त्याच्या खांबावर तीच करडी डबी आहे, ती मला रस्त्यावरून दिसते.

म्हणजे सूट संस्था पूर्वीपासून देत आली आहे, वेळ बदलणाऱ्याला. मॅनेजरने सभेत स्लाइड बदलण्याऐवजी एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

फास्ट चार्जरबद्दलही विचारलं. ठरलेलं काही नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातल्या पाच अब्ज डॉलरच्या निधीतून अनुदानाची अट मोठ्या मार्गांवरच्या स्टेशनला प्रत्येकी चार पोर्ट (गाडी लावायच्या जागा), प्रत्येक १५० किलोवॅटचं; दर ५० मैलांवर स्टेशन हवं ही अटही होती, ती २०२५ मध्ये काढली. चारही एकदम चालले तर ६०० किलोवॅट. आमच्या छोट्या सबस्टेशनला ते जड जाईल असं त्या स्वतःच म्हणाल्या. दुसऱ्या कुणी चालवायला घेतलं आणि घाऊक बिलातला आकार त्याने उचलला तरच, असं मी पुढच्या संचालक बैठकीला लिहून देणार आहे. सभासदांना तिथे पाच मिनिटं बोलता येतं.

उच्चदाब

लिहून देताना एक जोडा: चार्जरशेजारी बॅटरी बसवली तर गर्दीच्या तासाला तिच्यातून द्यायचं आणि रात्री भरून ठेवायचं. भांडवली खर्च वाढतो, पण तो चालवणाऱ्याच्या खिशातून.

निरगुडी

सिंचनाचं पटलं. तरी फरक राहतोच ना? सिंचनवाला आपली गरज थांबवून संस्थेला मदत करतो. गाडीवाला आधी नवा भार आणतो आणि मग तो पुढे ढकलल्याबद्दल सूट मागतो. चार्जर बसवायला रोख पैसे कशाला? रात्रीचा दर पुरे. वायर त्याने त्याची ओढावी.

पाइनवन

रोख सूट नसेल तर लोक साध्या प्लगला लावतात आणि मग संस्थेच्या हातात स्विच राहत नाही. ते काहीशे डॉलर स्विचचे आहेत.

निरगुडी

मग तसं बिलावर छापा. "चार्जर अनुदान" नको, "स्विचचे पैसे" म्हणा. आजोबांच्या डबीलाही संस्थेनेच पैसे दिले असतील तर मी गप्प.

धान्यकोठार

ती डबी संस्थेचीच असते, बसवायचे पैसे घेत नाहीत असं त्या म्हणाल्या. पण निरगुडी, तुम्ही गप्प राहू नका, पुढच्या वर्षी संचालकपदाला उभे राहा. बादलीही मिळेल.

गोठणबिंदू

ताई, बोल्टला रोज किती मैल होतात? तीसेक होत असतील तर साध्या १२० व्होल्टच्या प्लगवरही रात्रीच्या आठ तासांत अकराएक युनिट जातात, तेवढी पुरतात. फक्त जानेवारीत नाही. संस्थेला एवढं विचारा, त्या प्लगला टायमर आणि वेगळा मीटर लावून रात्रीचा दर देतात का. आमच्याकडे देतात.

धान्यकोठार

तेवढेच होतात. सोमवारी फोन करून विचारते.